तोंडात सतत धातूसारखी चव : आधी कोणत्या डॉक्टरांकडे जावे?

माझ्या आईला (वय 67, कोथरूड, पुणे) पावसाळ्यापासून तोंडात सतत धातूसारखी चव जाणवते. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात कळकलेल्या आमटीसारखे सगळे लागते, असे ती सांगते; सकाळी दात घासण्यापूर्वी ही चव सर्वांत तीव्र असते आणि आंबट खाल्ल्यावर थोडा वेळ दबते. वास मात्र नीट येतो. फोडणी करपली तर बाहेरच्या खोलीतूनही तिला कळते.

तिला मधुमेह असून मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू आहे. या गोळीने अशी चव येऊ शकते, तसेच ती दीर्घकाळ घेतल्यास बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते, हे मला ठाऊक आहे. परंतु गोळी जुनी आणि तक्रार नवी, त्यामुळे सगळा दोष गोळीला देणे मला पटत नाही. दंतवैद्यांनी हिरड्या तपासून दात साफ केले, फरक पडला नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) मर्यादेत आहे, जळजळ वा आंबट ढेकर नाहीत, अलीकडे प्रतिजैविके किंवा जस्ताच्या गोळ्या घेतलेल्या नाहीत, कोविडही झालेला नाही. टूथपेस्ट आणि पाण्याची भांडी बदलून पाहिली. फॅमिली डॉक्टर ‘वयोमानाने होते’ म्हणतात, पण त्याने समाधान होत नाही.

गोळी परस्पर बंद करायची नाही आणि घरगुती उपायही नकोत. लवंग-वेलची करून झाली. आईला गुडघेदुखीमुळे हेलपाटे झेपत नाहीत, म्हणून एकाच खेपेत रक्त द्यायचे असल्यास बी-12 सोबत आणखी कोणत्या तपासण्या कराव्यात, आणि आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे की मधुमेहतज्ज्ञांना?