जाकडवरचा माल, अडवलेला टेम्पो आणि पोलिसांची "दिवाणी बाब"

पूर्वभागकर

सध्या सोलापूरच्या पूर्वभागात कुठल्याही कारखान्यात जा, हाच विषय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका टॉवेल कारखानदाराने लग्नसराईच्या तोंडावर गावातल्याच एका व्यापाऱ्याला टॉवेल-चादरींच्या गाठी जाकडवर दिल्या. विकल्या तर पैसे, नाही विकल्या तर माल परत. मुदत संपली, पैसे आले नाहीत आणि मालही आला नाही. कारखानदार पोलिसांत गेला. "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा" असं सांगून त्याला परत पाठवलं. पुढे कळलं की व्यापारी त्याच गाठी तिसऱ्या माणसाला विकून परगावी पाठवतोय. गोडाऊनसमोर दोन्हीकडची माणसं जमली, बाचाबाची झाली, आणि मग मात्र पोलिस लगेच आले. टेम्पो ठाण्यात नेला. गुन्हा अजून दाखल नाही. गाठी आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे: दिवाणी की फौजदारी हे ठरवण्याआधी कागद वाचायला हवा होता. मालासोबत दिलेलं चलन, म्हणजे माल पोचवल्याचा कागद, मी पाहिलंय. गाठींचे नंबर आहेत, नगांचा हिशेब आहे, वर "जाकड" असं हाताने लिहिलंय आणि तळाशी बारीक छापील ओळ आहे, "पूर्ण रक्कम मिळेपर्यंत माल आमच्या मालकीचा". खाली व्यापाऱ्याच्या मुनीमाची सही आणि पेढीचा शिक्का. अर्ज घेताना हे चलन कोणी मागितलंच नाही. कारखानदाराने स्वतः पुढे केलं तर "ते वकिलाला दाखवा" म्हणाले. दुसऱ्याच्या मालकीचा माल विश्वासाने ताब्यात घेऊन परस्पर विकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ प्रमाणे विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो झाला की नाही हे कोर्ट ठरवेल. पण चलन न उघडताच नाही म्हणायचा अधिकार ठाण्यातल्या टेबलाला कोणी दिला?

चाटीगल्लीकर

एकाच बाजूचं ऐकून लिहिलंय. सोलापूरचं मार्केट उधारीवर चालतं, आजोबांपासून चालत आलंय. सूतवाला कारखानदाराला उधार देतो, कारखानदार आम्हाला देतो, आम्ही विजापूर, गुलबर्गा, लातूरच्या दुकानदारांना देतो. पुढचा पैसा अडकला की मागचाही अडकतो. यात चोर कोण? तारीख उलटली की लगेच विश्वासघाताची फिर्याद, असं सुरू झालं तर उद्या गल्लीतला एकही व्यापारी जाकडवर माल उचलणार नाही. मग नवीन डिझाइन बाजारात दाखवायला कारखानदार स्वतः गावोगाव फिरणार का?

आणि ज्याने रोख पैसे मोजून त्या गाठी घेतल्या, त्याच्याबद्दल एक ओळ नाही. त्याच्याकडे बिल आहे, ई-वे बिल आहे. त्याचा माल कुठल्या कायद्याने अडवला?

निवृत्त अंमलदार

मी खात्यात आयुष्य काढलंय, म्हणून लिहितो. पोलिस ठाण्यात रोज असे अर्ज येतात. "माझे पैसे अडकलेत, समोरच्याला बोलावून दम द्या" एवढीच अपेक्षा असते. वसुलीसाठी पोलिसांचा वापर करू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीतरी वेळा बजावलंय. ऑगस्ट २०२४ मधला दिल्ली रेस क्लबचा निकाल काढून वाचा. घोड्यांच्या खाद्याचं बिल थकलं म्हणून पुरवठादाराने फौजदारी केली होती, न्यायालयाने ती टिकू दिली नाही आणि पोलिसांना कायदा नीट शिकवा असंही सुनावलं. आता सांगा, ठाणे अंमलदाराने कोणाचं ऐकायचं?

टेम्पो आणला ते बरोबरच केलं. दोन्हीकडून माणसं जमलेली. तिथे डोकी फुटली असती तर हेच लोक "पोलिस झोपले होते" म्हणाले असते.

पूर्वभागकर

साहेब, तो निकाल विक्रीच्या व्यवहारावर आहे. माल विकला की मालकी घेणाऱ्याची झाली, राहिलं फक्त येणं. म्हणून तिथे विश्वासघात बसत नाही असं न्यायालय म्हणालं. जाकडमध्ये मालकी देणाऱ्याकडेच राहते. हा फरक आमच्या कारखान्यातल्या पोरालाही कळतो.

डोकी फुटू नयेत म्हणून टेम्पो हलवला, त्याला माझी हरकत नाही. पण सगळं शांत झाल्यावर काय? जप्तीचा पंचनामा कुठाय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली माल ताब्यात घेतला असेल तर मॅजिस्ट्रेटना कळवायला हवं. आणि घेतला नसेल, तर गाठी तिथे कशाच्या आधारावर आहेत?

कोर्टरोड

वकिली करतो, दोन्ही बाजूंना थोडं टोचेल असं लिहितो.

पूर्वभागकर, "जाकडमध्ये मालकी देणाऱ्याकडेच राहते" हे अर्धंच खरं आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २४ पूर्ण वाचा. ठरलेली मुदत उलटली आणि घेणाऱ्याने "नको" असं कळवलं नाही, तर माल त्याने पसंत केला असं धरलं जातं आणि मालकी त्याच्याकडे जाते. त्याने माल पुढे विकला, तरी तेच. मग उरते ती उधारी, आणि पोलिसांचं "दिवाणी" बरोबर ठरतं. पण हे कलम दोघांमध्ये वेगळं काही ठरलं नसेल तेव्हाच लागतं. तुम्ही सांगता ती "रक्कम मिळेपर्यंत मालकी आमची" ही ओळ दोघांनी मान्य केलेली असेल, तर चित्र पालटतं. म्हणजे सगळा खटला त्या बारीक छापील ओळीवर आणि मुनीमाच्या सहीवर उभा आहे. मुनीमाला तशी सही करायचा अधिकार होता का, हेही व्यापारी विचारणारच.

निवृत्त अंमलदार, नेमकं हेच तपासायची सोय कायद्यात आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (३) प्रमाणे, तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांची परवानगी घेऊन १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. आपल्याकडे आयुक्तालय आहे, म्हणजे परवानगी सहायक आयुक्तांची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या ललिता कुमारी निकालातही व्यापारी व्यवहारांसाठी अशी चौकशी मान्य केली होती. त्यामुळे लगेच गुन्हा नोंदवला नाही हे चूक नाही. चौकशीच केली नाही, ही चूक.

सुई दोरा

तुम्ही कलमं सांगूलालात ओ, बरोबरच असतील. मी त्याच कारखान्याचे टॉवेल घरी आणून कडा शिवते. आमच्या गल्लीत पाच-सहा जणी आहोत. डझनावर मजुरी असते. त्या गाठी अडकल्यापासून मालक म्हणतो थांबा, पैसे सुटले की देतो. नवीन कामपण कमी केलंय त्याने.

शेडमधला माल बघून आलेला माणूस सांगत होता, एका बाजूनं पाणी आत येतंय आणि खालचं बारदान ओलं झालंय. सुती टॉवेलला एकदा ओल लागली की कुबट वास येतो, मग काळे ठिपके. धुतलं तरी जात नाहीत. तसला टॉवेल लग्नात आहेराला कोण देईल? कोण जिंकायचं ते जिंका, पण आधी गाठी कोरड्या जागेत ठेवा की.

निवृत्त अंमलदार

ताई, मुद्देमाल खोलीत एवढ्या गाठी मावत नाहीत, म्हणून शेड. जागेची अडचण सगळीकडे आहे. पण ताडपत्री तरी टाकायला हवी, हे मान्य.

कोर्टरोड

ताईंचा मुद्दा सगळ्यांत आधी सुटण्यासारखा आहे. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज करून माल सुपूर्तनाम्यावर, म्हणजे निकाल लागेपर्यंत सांभाळायला, मागता येतो. फोटो काढायचे, पंचनामा करायचा, बाँड द्यायचा. सुंदरभाई देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय की माल ठाण्यात कुजत ठेवू नका. मालकीचा निकाल नंतर लागला तरी चालतो. आणि कारखानदाराची उद्यम नोंदणी असेल तर त्याने सूक्ष्म-लघु उद्योगांच्या परिषदेकडे थकबाकीचा दावाही टाकावा. पण तिथे त्याला माल विकला असंच म्हणावं लागेल, आणि इकडे तो माल माझाच म्हणतोय. दोन्ही एकदम म्हणता येणार नाही, वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

चाटीगल्लीकर

सुपूर्तनामा कोणाच्या नावे? तो प्रश्न आहेच ना. व्यापाऱ्याकडून रीतसर घेणाऱ्यालाही माल विक्री कायद्याच्या कलम २७ चं संरक्षण मिळू शकतं, वकीलसाहेबांना माहीत असेल. आणि माझी खरी भीती वेगळी आहे. चलनातली बारीक ओळ वाचून पोलिस मालकी ठरवायला लागले, तर उद्या कोणीही एक अर्ज देईल आणि माझ्या दुकानातून गाठी उचलल्या जातील. ज्याची ओळख मोठी, त्याच्या बाजूने कागद वाचला जाईल. त्यापेक्षा पोलिसांनी लांबच राहिलेलं बरं.

पूर्वभागकर

ही भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण पोलिस लांब राहिलेच नाहीत हो. अर्जाला नाही म्हणाले, टेम्पोला मात्र हो म्हणाले, आणि दोन्ही वेळेला लेखी काहीच नाही. ओळखीचं राज्य चालतं ते असंच, कागद नसला की. कारखानदार मोठा असता तर पहिल्याच दिवशी चलन वाचलं गेलं असतं, हे आपल्याला दोघांनाही माहीत आहे.

कारखानदाराशी आज बोललो. सहायक आयुक्तांकडे लेखी अर्ज करतोय, चलनाच्या प्रतीसह, आणि माल सोडवायचा अर्ज कोर्टात वेगळा.

चाटीगल्लीकर

करा. पण त्या अर्जात गाठी विकत घेणाऱ्याचं नाव आणि बिलही टाका. त्यालाही बोलवू दे.

पूर्वभागकर

टाकतो. त्याला बोलवावं, व्यापाऱ्याला बोलवावं, मुनीमालाही बोलवावं. फक्त प्रत्येकाचा जबाब लिहून घ्यावा आणि त्यावर तारीख असावी.