ब्रेक फेल, गाबा वाढवा, विषय संपला?

तिरकस:
काल फोकल एपिलेप्सीवर, म्हणजे मेंदूच्या एका ठरावीक भागातून उठणाऱ्या फिट्सवर, एक पोस्ट फिरत होती. "फोकल एपिलेप्सी म्हणजे मेंदूचे ब्रेक फेल. आवर घालणाऱ्या पेशी दमल्या की फिट येते. गाबा वाढवा, विषय संपला." आणि खाली गाबाच्या कॅप्सूलचा फोटो! दोनदा वाचून फोन बाजूला ठेवला, तिसऱ्यांदा राहवलं नाही.

गाबा म्हणजे मेंदूतल्या पेशींना शांत करणारं रसायन. एक तर तोंडावाटे गिळलेला गाबा मेंदूत फारसा पोचतच नाही. दुसरं, त्या पेशी दमलेल्या असतात हे कोणी सांगितलं? टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागाच्या, बऱ्याच फिट्स ईईजीवर (मेंदूतल्या विजेच्या आलेखावर) बारीक, वेगवान लहरींनी सुरू होतात, आणि प्राण्यांच्या मेंदूच्या कापांत बघितलं तर त्या क्षणी गाबा सोडणाऱ्या, आवर घालणाऱ्या पेशी, म्हणजे इंटरन्यूरॉनच जिवाच्या आकांताने फायर करत असतात, इतरांना चेतवणाऱ्या मोठ्या पिरॅमिडल पेशी चिडीचूप. गाबाने पेशीचं दार उघडलं की क्लोराइड आत शिरतं, पेशी शांत होते, इथवर शाळेतलं झालं. पण दार सारखंच उघडं राहिलं की आत क्लोराइड तुंबतं, मग केसीसी२ नावाचा पंप ते बाहेर फेकायला लागतो आणि त्याच्याबरोबर पोटॅशियमही बाहेर टाकतो, बाहेर पोटॅशियम वाढलं की आजूबाजूच्या सगळ्याच पेशी चाळवतात. म्हणजे भांडण सोडवायला गेलेल्यानेच पहिली थप्पड मारली.

मोजूनमापून:
आता तुम्ही दुसऱ्या टोकाला गेलात. २०१३ चा उंदरांवरचा प्रयोग विसरलात का? फिट सुरू झाली हे कॉम्प्युटरने ओळखायचं आणि लगेच हिप्पोकॅम्पसमधल्या (टेम्पोरल लोबच्या आतल्या भागातल्या) पार्व्हअल्ब्युमिनवाल्या पेशी, म्हणजे आवर घालणाऱ्यांतलाच एक प्रकार, प्रकाशाने चेतवायच्या. फिट्स आटोपल्या की नाही? आणि फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे काय मग पुण्याईने काम करतो? तोही गाबाचाच हात बळकट करतो ना.

तिरकस:
करतो, वेळेत मारला तर. फिट लांबत गेली की गाबाचे रिसेप्टर, म्हणजे गाबाने उघडणारी ती दारंच, पेशीच्या आत ओढले जातात आणि तोच स्प्रे लुळा पडतो. आणि त्याच पार्व्हअल्ब्युमिनवाल्या पेशी ४-एपी (फिटसारखा प्रकार घडवायला वापरतात ते रसायन) घातलेल्या कापांत चेतवल्या तर फिटसारखा प्रकार *सुरू* होतो, हे सोयीस्करपणे गाळलंत.

मोजूनमापून:
४-एपी ओतल्यावर काय वाट्टेल ते होईल. माणसाचं बोला.

तिरकस:
बोलतो की. २००२, पॅरिस. ऑपरेशनमध्ये काढलेला टेम्पोरल लोबचा तुकडा. त्यातल्या सुबिक्युलममधल्या (हिप्पोकॅम्पसला लागून असलेल्या भागातल्या) काही पिरॅमिडल पेशींना गाबा शांत करायच्या ऐवजी चेतवत होता. माणसाच्याच पेशी, चालतील ना?

मोजूनमापून:
"काही". तुम्हीच लिहिलंत. चालतील.

भावाची_ताई:
तुमचं चालू द्या, पण त्या "ब्रेक" शब्दाने आमच्या घरात काय केलंय ते ऐका. माझा भाऊ फिटमध्ये पडत नाही, तडफडत नाही, नुसता एकटक बघतो, ओठ चाटतो, शर्टाची बटणं चाचपतो, दीड मिनिटाने विचारतो काय झालं. शाळेत उद्धट म्हणून शिक्षा भोगली त्याने. आता नातेवाईक म्हणतात मनाला ब्रेक लावायला शीक, टेन्शन घेऊ नकोस. अहो क्लोराइडला कोणी टेन्शन घेऊ नको सांगतं का?? असल्या सोप्या पोस्टी वाचूनच येतात ही माणसं.

रात्रपाळी:
ताई, तरी त्याचं सगळ्यांना दिसतं. मला फक्त ऑरा येतो, म्हणजे फिटच्या आधीची चाहूल, पोटातून काहीतरी वर चढतं, जळक्या रबराचा वास, दहा सेकंद, शुद्ध जात नाही. फिट नाहीच ती. गाडी व्यवस्थित चालवतो.

भावाची_ताई:
काय??? गाडी???

रात्रपाळी:
सहा वर्षं. एक ओरखडा नाही.

भावाची_ताई:
भाऊ सायकलवरून पडला ना, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत आमचंही हेच होतं, "नुसतं पोटात गोळा येतो". सहा वर्षं तुम्ही रस्त्यावरच्या बाकीच्यांनाही तुमच्यासोबत जुगारात लावलंत, त्यांना न विचारता.

रात्रपाळी:
माझा डॉक्टर तुम्ही नाही.

मोजूनमापून:
डॉक्टरांना गाडीचं सांगितलंय का?

रात्रपाळी:
त्यांनी विचारलं नाही.

तिरकस:
वा! विषय भरकटलाय पण राहू द्या, हा जास्त महत्त्वाचा आहे. रात्रपाळी, ऑरा ही फिटच असते, छोट्या जागेत कोंडलेली. आणि कोंडतं कोण, तर त्याच आवर घालणाऱ्या पेशी. मांजरांच्या मेंदूत पेनिसिलिनने फोकस, म्हणजे फिट उठणारी जागा, तयार केला तेव्हा भोवतीच्या पेशी दाबलेल्या सापडल्या, हे १९६७ पासून माहीत आहे. आत वणवा आणि भोवती पाणी मारणाऱ्यांचं कडं. ते टिकलं तर तुम्हाला रबराचा वास येऊन थांबतं. त्या कड्यातल्या पेशी अति ताणाने फायर करायच्याच थांबल्या की वणवा पुढे सरकतो. तो दिवस कोणता, हे कडं आधी कळवत नाही.

मोजूनमापून:
थांबा थांबा. म्हणजे आता आवर घालणाऱ्या पेशी चांगल्या? वर तर थप्पड मारत होत्या.

तिरकस:
फोकसच्या आत एक काम, भोवती दुसरं. सुरुवातीला एक, मिनिटाने दुसरं. मी "गाबा वाईट" कुठे म्हटलं?

मोजूनमापून:
म्हटलं नाहीत, पहिल्या पोस्टमध्ये ऐकू मात्र तसंच आलं. असो, जागा आणि वेळ हा मुद्दा मान्य. कापांचा प्रयोग अजूनही मान्य नाही.

भावाची_ताई:
गाबा नुसता वाढवून काय होतं ते विगाबॅट्रिन, म्हणजे मेंदूतला गाबा वाढवणारं औषध, घेणाऱ्यांना विचारा. भावाच्या फिट्स कमी झाल्या, पण डोळ्यांच्या कडेचं दिसणं गेलं ते गेलंच. कॅप्सूलवाल्याला सांगा हे कोणीतरी.

रात्रपाळी:
गाडीची चावी बायकोकडे दिलीय. तुमच्या लेक्चरमुळे नाही. तिने हा धागा वाचला म्हणून.

सोप्पं_विज्ञान:
मूळ पोस्ट माझी. कॅप्सूलचा फोटो काढलाय. "ब्रेक" राहणार, क्लोराइडवर कोणी लाइक देत नाही.