२५ किमीच्या पुढे पाय उचलतच नाहीत, शाकाहारी रनर लाँग रनला काय खाता?

धावती_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. जानेवारीत मुंबईला पहिली फुल मॅरेथॉन (४२ किमी) करायची आहे. हाफ (२१ किमी) बऱ्याच झाल्यात, त्यात कधी त्रास नाही, पण रविवारचा लाँग रन जसा वाढवत नेतेय तसं दर वेळी तेच होतंय. इथे नाशिकला गंगापूर रोडने गिरणाऱ्याकडे जायचं आणि परत. जाताना मस्त, गप्पा मारत, आणि परतीला २४-२५ किमी झाले की कोणीतरी मेन स्विच बंद केल्यासारखं होतं. दम लागलेला नसतो, दुखत काही नाही, फक्त पाय उचलत नाहीत आणि उगाच रडू येईल असं वाटतं. पेस साडेसातचा आहे, म्हणजे किमीला साडेसात मिनिटं.

खाणं सांगते. रात्री दोन पोळ्या, भाजी, वरण. भात रात्रीचा बंद केलाय वजनासाठी. पहाटे फक्त चहा, इतक्या लवकर घशाखाली काही उतरत नाही. सोबत पाण्याची बाटली, बस. घरी आल्यावर आंघोळ, सगळ्यांचं आवरणं, स्वयंपाक, मग साडेअकराला जेवण. वजन ५५, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. आणि मार्गशीर्षातले गुरुवार करते, ते सोडायचे नाहीत.

ग्रुपमधले म्हणतात जेल घे, ते पळताना चोखायचं साखरेचं पाकीट. सासूबाई म्हणतात आपल्या नाशिकची धावपटू कविता राऊत काय जेल खाऊन पळाली का, भाकरी खा! कोणाचं ऐकू?

गोदाकाठ_रनर
ताई, तुमचे पाय कमजोर नाहीत, तुम्ही उपाशी पळताय. हिशोबच बघा ना. धावायला किलोमागे दर किमीला साधारण १ कॅलरी लागते, म्हणजे ५५ किलोला ४२ किमीचे २३०० च्या आसपास. स्नायू आणि लिव्हर मिळून पिठूळ-गोड खाण्यातली साखर साठते ती चांगल्या खाणाऱ्या माणसात ४०० ते ५०० ग्रॅम, तुमच्या वजनाला त्याहून कमीच, म्हणजे १६०० कॅलरी धरा. बाकीचं चरबीतून येतं पण चरबी हळू जळते, नुसत्या तिच्यावर पेस टिकत नाही. त्यात रात्री भात बंद, आणि झोपेत लिव्हरमधली साखर मेंदूच वापरत असतो, त्यामुळे पहाटे तुम्ही निघता तेव्हाच टाकी अर्धवट. रडू येणं, चिडचिड, हे मेंदूला साखर कमी पडल्याचंच लक्षण आहे, मनाचा कमकुवतपणा नाही, हे मनातून काढून टाका.

सासूबाईंचं म्हणणं मला आवडलं, पण कविता राऊतने २०१० ला दिल्ली कॉमनवेल्थमध्ये ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझू एशियाडला सिल्व्हर घेतलं ते १०,००० मीटरमध्ये. ती रेस तेहतीस मिनिटांच्या आसपास संपते, मध्ये काही खायची गरजच नसते. तुम्ही साडेसातच्या पेसने मुंबईत सव्वापाच तास रस्त्यावर असणार. उलट जितका पेस हळू तितके तास जास्त आणि तितकं खाणं जास्त, आपल्यासारख्यांना हे कोणी सांगतच नाही, सगळे म्हणतात जेल वगैरे फास्ट लोकांसाठी.

आता करायचं काय. शनिवारी रात्री भात खायचाच, पोटभर, वरणभात लिंबू, आणि त्या दिवशी सॅलड उसळ कमी म्हणजे सकाळी पोट गडबडत नाही. पहाटे चहाबरोबर अर्धं केळं किंवा गुळ लावलेली अर्धी पोळी, तूप नको. आधी नको वाटेल, पण पोटालाही सवय लागते, दोन-तीन आठवड्यांत पूर्ण केळं जातं. आणि पळताना ४० मिनिटांनंतर सुरू करायचं, दमायची वाट बघायची नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब, म्हणजे खाण्यातला पिठूळ-गोड भाग. केळ्यात साधारण २५, एका जेलमध्ये बहुतेक २० ते २५, पाकिटावर बघून घ्या.

पंचवटीकर
जेल परवडत नाहीत आणि मला ते चिकट गोड नको वाटतं म्हणून सांगतो. आपण नाशिकचे, मनुका सोडून कुठे जायचं! मूठभर, ३० ग्रॅम, त्यात २३-२४ ग्रॅम कार्ब. आदल्या रात्री देठ काढून निवडून झिपच्या छोट्या पिशव्यांत भरतो, वरून चिमूटभर मीठ घालून हलवतो, अर्ध्या तासाला एक पिशवी या हिशोबाने. खाताना शंभरेक मीटर चालायचं, नीट चावायचं, वर दोन-तीन घोट पाणी, नाहीतर तोंडात लगदा होऊन बसतो आणि ठसका लागतो. बिनबियांच्या घ्या. खजूरही चालतो, बिया काढून.

चिक्की मात्र पळताना नको. शेंगदाण्यात तेल भरपूर, पोटात रेंगाळते. रन संपल्यावर खा की.

धावती_इंदिरानगर
वा, मनुका तर घरातच आहेत, सासूबाईही खूश होतील. पण मी ओआरएस घेऊन गेले तर त्यातून साखर मिळत नाही का? आणि गुरुवारचं काय?

आहारवाली_सातपूर
आहारतज्ज्ञ आहे म्हणून थोडं सविस्तर. ओआरएसच्या लिटरच्या पाकिटात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. ते मीठ-पाण्यासाठी आहे, पळायच्या ताकदीसाठी नाही. त्यात वरून साखर टाकू नका, प्रमाण बिघडतं. हवं तर वेगळं लिंबू सरबत करा, लिटरला ५०-६० ग्रॅम साखर आणि पाव चमचा मीठ, घरच्या सरबतापेक्षा फिकंच लागेल, तसंच हवं.

गुरुवार खुशाल करा, फक्त तो दिवस विश्रांतीचा किंवा हलक्या जॉगचा ठेवा, इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असा सराव) बुधवारी उरकून टाका. उपास म्हणजे दिवसभर चहावर राहणं नको. उकडलेली रताळी, केळी, राजगिऱ्याचे लाडू दुधाबरोबर, दही, भगर. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, रनरला वाईट नाही, पण खिचडीत तूप-दाण्याचं कूट खूप असतं म्हणून लाँग रनच्या आदल्या रात्री नको. आणि संध्याकाळी नैवेद्याचं गोड मनापासून खा.

मला जास्त काळजी वेगळीच वाटतेय. रनिंग वाढवताय आणि त्याच वेळी वजनासाठी भात बंद केलाय. बायकांमध्ये हे फार बघते मी. खाणं सतत कमी पडलं की शरीर काटकसर सुरू करतं, पाळी लांबते किंवा बंद होते, हाडं कमकुवत होऊन स्ट्रेस फ्रॅक्चर होतात. पाळी अनियमित झाली असेल तर रनिंगमुळे होतंच असं समजून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. सोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) दोन्ही तपासा, कारण हिमोग्लोबिन नॉर्मल असून लोहाचा साठा संपलेला असू शकतो. जेवणाला लागून चहा घेत असाल तर तासभर लांबवा, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. उसळीवर लिंबू पिळा, त्याने वाढतं.

रननंतर साडेअकरापर्यंत थांबणं आधी बंद करा. घरात शिरल्यावर आंघोळीच्या आधी ग्लासभर दूध आणि दोन केळी, आणि तासाभरात नीट खाणं ज्यात १५-२० ग्रॅम प्रोटीन असेल, म्हणजे पनीर घालून पराठे, मुगाचे धिरडे आणि दही असं काही. स्वयंपाक त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावा, हे मी मनापासून सांगतेय.

पंचवटीकर
आणि रविवारची मिसळ? ग्रुप तर सरळ तिथेच जातो

आहारवाली_सातपूर
खा ना. मटकी आणि पाव, रननंतर चांगलंच आहे. तर्री बेताने, आणि मिसळ येईपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो तेवढ्यात केळं खाऊन घ्या.

गोदाकाठ_रनर
मुंबईचं एक राहिलं, आपल्या लोकांची तिथेच फसगत होते. डिसेंबरात इथे पहाटे १० अंशांच्या आसपास, कोरडी हवा, घाम दिसतही नाही, बाटलीभर पाण्यात काम भागतं. मुंबईत जानेवारीतही दमट, शर्ट पहिल्या तासातच ओला. म्हणून इथेच एक-दोन लाँग रन उशिरा, आठ-नऊच्या उन्हात संपतील असे करा आणि आधी-नंतर वजन करा. किलोभर कमी झालं तर साधारण लिटरभर घाम गेला, अधेमधे प्यायलेलं पाणी त्यात मिळवायचं. तुमची गरज तुम्हाला कळते.

पण घाबरून पाण्याच्या प्रत्येक टेबलावर ग्लास रिचवू नका. हळू पळणारे पाच तास नुसतं पाणी पीत राहिले तर रक्तातलं सोडियम घसरतं, ते खरंच धोक्याचं असतं. वजन रननंतर वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त होतंय. तहान लागेल तसं प्या, काही घोट ओआरएसचे, मनुका आहेतच.

परतीच्या पेडर रोडच्या चढासाठी खायचं राखून ठेवू नका, आधीच खा, चढावर चावणं जमत नाही. आणि रेसच्या आधीचे दोन दिवस कार्ब वाढवा, किलोला ८ ते १० ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ४४० ते ५५०. वाटीभर शिजलेल्या भातात ४०-४५ असतात, पोळीत १५-२०, यावरून किती खावं लागतं बघा, पोळी-भाजीने होतच नाही. पोहे, भात, बटाटा, केळी, सरबत, गूळ. वजन किलोभर वाढेल, साखरेबरोबर पाणी साठतं, रेसमध्ये ते कामालाच येतं.

धावती_इंदिरानगर
सगळ्यांचे खूप आभार. या शनिवारी वरणभात नक्की, केळं अर्ध्यापासून सुरू करते आणि फेरिटिन सोमवारी करून घेते. पाळी खरंच पुढे-मागे होतेय, तेव्हा डॉक्टरांकडेही जाते. गुळ लावायची पोळी पहाटे ताजी हवी की रात्रीची चालेल?

आहारवाली_सातपूर
रात्रीची चालेल. डब्यात ठेवा, फ्रीजमध्ये नको, कडक होते.