दारू पिऊन गाडी: लायसन्स नक्की कधी जातं?

अनवट:
मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली (दारू पिऊन गाडी चालवणं) पकडलं की दहा हजार भरले आणि सुटलो, असं सर्रास ऐकू येतं. मग लायसन्स किती दिवस जातं, कोण घेतं? बंदी असताना गाडी काढली तर नाक्यावर कळतं का? सोसायटीतल्या ड्रायव्हर लोकांसाठी पत्रक काढायचंय, चुकीचं छापायला नको.

मुद्देसूद:
सुटका होत नाही. 185 मध्ये जागेवर दंड भरून तडजोड नाही, कोर्टात जावंच लागतं. मर्यादा 100 मिलि रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर 15,000 किंवा 2 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

लायसन्सच्या मात्र दोन वाटा आहेत आणि तिथेच गल्लत होते. पोलीस कलम 206(4) खाली लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात. आरटीओ म्हणणं ऐकून कलम 19 खाली 3 महिने अपात्र ठरवू शकतं, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्दही. दुसरी वाट कोर्टाची. दोषी ठरल्यावर 20(2) प्रमाणे किमान 6 महिन्यांची बंदी घालावीच लागते, तिथे मर्जीचा प्रश्न नाही. गुन्हा कबूल करून दंड भरला की ही बंदीची ओळ आदेशातून निसटू शकते. सरकारी वकिलांनी ती मागूनच घ्यावी.

नाकाबंदी:
केस पडते ती तपासणीत. अटकेनंतर 2 तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही तर कलम 202 प्रमाणे कोठडीतून सोडावं लागतं. नुकताच घोट घेतलेला असला की तोंडातल्या दारूमुळे श्वास तपासणाऱ्या यंत्राचा आकडा फुगतो, म्हणून 15 मिनिटं थांबून, नवी नळी लावून फुंकायला सांगावं. रक्त काढताना स्पिरिटचा बोळा नको. बाटलीत सोडियम फ्लोराइड हवं, नाहीतर नमुना आंबून त्यातच अल्कोहोल तयार होऊ शकतं. फुंकायला नकार दिला तर कलम 205 खाली तो नकारच आरोपीविरुद्ध धरता येतो.

घाटवाट:
बंदीत गाडी चालवली तर कलम 182: 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 किंवा दोन्ही. पण खिशातल्या प्लास्टिक कार्डावर बंदी दिसत नाही. आदेश 'सारथी'वर (लायसन्सच्या नोंदींची सरकारी ऑनलाइन प्रणाली) चढला असेल आणि नाक्यावर लायसन्स नंबर टाकला, तरच कळतं. नुसता गाडीचा नंबर टाकला तर चलन मालकाच्या नावावर जातं आणि बंदीवाला पुढे निघून जातो. कोर्टाचा आदेश त्याच दिवशी सारथीवर गेला पाहिजे. कायद्यापेक्षा ही कडी जास्त ढिली आहे.

पत्रकात मालकांसाठीही लिहा: अपात्र माणसाच्या हाती किल्ली दिली तर कलम 180 खाली 5,000 किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ड्रायव्हर ठेवताना लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून सारथीवर स्थिती बघा, झेरॉक्सवर जाऊ नका.