बी विंगच्या लिफ्टमधला कुत्रा

बी-५०४: काल संध्याकाळी लेक क्लासवरून येत होती, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि आधी रॉटवायलरचे दोन पाय आत, पट्टा धरणारा पोरगा मागे कुठेतरी. ती पाण्याची बाटली छातीशी धरून आरशाला चिकटून उभी. घरी येऊन तासभर बोलली नाही.

सी-२०३: मी केव्हापासून सांगतोय, या जातीवर सरकारची बंदी आहे. लखनौला २०२२ मध्ये घरच्याच पिटबुलने म्हाताऱ्या मालकिणीचा जीव घेतला, विसरलात का सगळे?

बी-३०१: काका ब्रुनोने आजवर कुणाला काहीही केलेलं नाही. एकदम प्रेमळ आहे तो.

ए-७०१: काका, ते मार्च २०२४ चं केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं पत्र, २३ जातींची यादी होती. कर्नाटक आणि दिल्ली हायकोर्टाने एप्रिलमध्येच ते रद्द केलं. आणि सोसायटीला पाळीव कुत्र्याला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, त्यामुळे कुत्रा हाकला हा विषयच नको.
पण बी-३०१ दादा, "प्रेमळ आहे" हे उत्तर नाही हो. मला नौपाड्यात असताना पॉमेरियन चावला होता, मनगटावर अजून खूण आहे. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं, मग पाच इंजेक्शनं, आणि मालकीणबाई म्हणतात एवढासा तर आहे. तिने कधी त्याला नीट बांधलंच नव्हतं ना. म्हणजे चावायला जात लागत नाही, पण रॉटवायलर चावला तर खुणेवर भागणार नाही, म्हणून तुमच्यावर जबाबदारी जास्त. चाळीस-पन्नास किलोचा कुत्रा कामाच्या पोराच्या हातात, तोही त्या लांब होणाऱ्या पट्ट्यावर, त्याने एक झटका दिला तर ते पोरगं काय करणार?

सी-२०३: हेच तर म्हणतोय मी, कायदा काहीच नाही का मग?

ए-७०१: आहे की. न्याय संहितेचं कलम २९१, जनावराची काळजी घेण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जात बघत नाही ते, मालक बघतं.

सेक्रेटरी: बी-३०१, पालिकेचं लायसन आणि रेबीजच्या लसीचं कार्ड ऑफिसात दाखवा. बाकीच्या कुत्रेवाल्यांनीही, सगळ्यांनीच.

बी-३०१: देतो उद्या. ताई खरं सांगतो, मी ऑफिसातून नऊला येतो म्हणून त्या पोराला ठेवलं, चूक माझी आहे. लांब पट्टा आजच काढून टाकतो, सकाळी साडेपाचला आणि रात्री मी स्वतः नेईन, लिफ्टमध्ये कुणी असेल तर आम्ही थांबू. मुलीला सॉरी सांगा, तिची हरकत नसेल तर मी येऊन सांगतो.

बी-५०४: या, पण ब्रुनोला घरी ठेवून. आज ती पाच मजले जिन्याने चढून आली.