कॅज्युअल्टीतली रांग कशी मोडायची?

कोथरूडची सिस्टर: पुण्यातल्या एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला नाइट करते. परवा एक आजोबा केसपेपरच्या रांगेत २० मिनिटं उभे होते, पुढे बोट कापलेला मुलगा. आजोबांचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला दिसला, म्हणून मी त्यांना आत घेतलं. नाहीतर? हे नशिबावर सोडायचं का? काय बदलावं, सांगा.

आरएमओ (निवासी डॉक्टर), हडपसर: केसपेपर नंतर, आधी ट्रायाज, म्हणजे कोण किती गंभीर ते बघून क्रम लावणं. दारातच अनुभवी सिस्टर हवी. नाडी, बीपी, ऑक्सिजन बघून लाल (सगळ्यात तातडीचा), पिवळा की हिरवा ते ठरवायचं. छातीत दुखत असेल तर आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी. पण खरी कोंडी वर असते हो! वॉर्डातला डिस्चार्ज बिलापायी संध्याकाळपर्यंत अडकतो आणि खाली स्ट्रेचर मोकळं होत नाही. सकाळच्या राउंडलाच डिस्चार्जचे कागद करा.

पेशंटचा मुलगा: आईला १०८ने नेलं होतं. तीन तास थांबलो, त्याचं काही नाही. कोणी काही सांगेना, त्याने जीव टांगणीला लागला. शेवटी एक मावशी म्हणाल्या, "रक्ताच्या रिपोर्टला अजून तासभर लागेल, चहा घेऊन ये बाळा." तेवढ्यानेच धीर आला.

कोथरूडची सिस्टर: उद्याच मेट्रनना भेटते. दारात एक टेबल आणि ईसीजी मशीन मागतेच.