वडिलांसाठी मारेकऱ्याची पुस्तकमालिका हवी आहे : जॉन रेन घेऊ का?

नदीकाठ

नमस्कार. वडिलांसाठी पुस्तकं सुचवा. ते रेल्वेत सिग्नल विभागात होते, जवळजवळ सगळी नोकरी भुसावळला झाली. आता ७४ वर्षांचे आहेत आणि आमच्याकडे नाशिकला असतात. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना पेसमेकर बसवला. तब्येत छान आहे, पण डावा हात अजून सांभाळायचा आहे. जाड पुस्तक धरून बसणं नको, म्हणून किंडल आणलंय.

सुशि (सुहास शिरवळकर) त्यांनी अक्षरशः सगळे वाचलेत. नोकरीत असताना व्हीलरच्या स्टॉलवरून इंग्रजी थ्रिलरही घ्यायचे. मध्यंतरी धनुष आहे म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ‘द ग्रे मॅन’ सिनेमा बघितला. बाबांना तो आवडला, मग मार्क ग्रीनीचं त्याच नावाचं पहिलं पुस्तकही वाचलं. वेग आवडला त्यांना, पण म्हणाले, “हा माणूस कुठे बसतच नाही गं. दोन घटका बसून विचार करणारा कुणी असेल तर बघ.”

म्हणजे नायक सुपारी घेऊन मारणाराच हवा, पण डोक्याने चालणारा. निदान पाच-सहा पुस्तकं असावीत, इंग्रजी फार अवघड नको. एका मैत्रिणीने बॅरी आयस्लरच्या जॉन रेनचं नाव सांगितलं. शोधायला गेले तर एकाच पुस्तकाची दोन-दोन नावं दिसतायत. कुठून सुरुवात करायची?

शेवटचंपान

ताई, मैत्रिणीने अगदी बरोबर नाव सांगितलंय. मी ही मालिका दोनदा वाचलीय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी नावांचा घोळ. पहिली सहा पुस्तकं २००२ ते २००७ या काळात दर वर्षी एक अशी आली आणि बहुतेकांच्या नावात ‘रेन’ होतं. लेखकाला ती नावं कधीच आवडली नव्हती. हक्क परत मिळाल्यावर त्याने सहाही पुस्तकांची नावं बदलली. ‘रेन फॉल’ आता ‘अ क्लीन किल इन टोकियो’ म्हणून मिळतं. ‘हार्ड रेन’चं झालं ‘अ लोनली रेझरेक्शन’, ‘रेन स्टॉर्म’चं ‘विनर टेक ऑल’, ‘किलिंग रेन’चं ‘रिडेम्प्शन गेम्स’, ‘द लास्ट असॅसिन’चं ‘एक्स्ट्रीमिस’ आणि ‘रेक्वियम फॉर अ‍ॅन असॅसिन’चं ‘द किलर असेंडंट’. वाचायचीही याच क्रमाने. किंडलवर नवी नावं दिसतील, जुन्या बाजारातल्या कागदी प्रतींवर जुनी. माझ्याकडून एक पुस्तक या गोंधळात दोनदा विकत घेतलं गेलं, म्हणून मुद्दाम सगळी नावं लिहिली.

‘ग्रेव्हयार्ड ऑफ मेमरीज’ (२०१४) आणि ‘झीरो सम’ (२०१७) ही तरुणपणीची पुस्तकं आहेत, कथा अनुक्रमे १९७२ आणि १९८२च्या टोकियोत घडते. काळ आधीचा आहे म्हणून आधी वाचू नका. म्हातारा होत चाललेला रेन आधी भेटला तर तो तरुण रेन मनाला भिडतो. उलट क्रमाने वाचलं तर ती चांगली पण साधी मारधाडीची पुस्तकं वाटतील.

आता काकांना का आवडेल ते. रेनचे वडील जपानी, आई अमेरिकन. तो कुठल्याच देशाला आपला वाटत नाही. व्हिएतनाममध्ये लढून आलेला आणि तिथे जे केलं त्याचं ओझं वाहणारा. त्याची खासियत म्हणजे मृत्यू नैसर्गिक वाटावा असा घडवून आणणं. त्याच्या अटी ठरलेल्या आहेत : बायका-मुलांना हात लावायचा नाही, ज्याची सुपारी आहे त्याच्याखेरीज कुणाला मारायचं नाही आणि त्या कामावर दुसऱ्या कुणाला नेमायचं नाही. मालिका पुढे सरकते ती या अटींना तडे जातात म्हणून. चौथ्या पुस्तकात मनिलामध्ये ऐन क्षणी तो अडखळतो. का, ते सांगत नाही, पण त्या एका अडखळण्याची किंमत पुढची दोन पुस्तकं मोजली जाते.

लेखक स्वतः तीन वर्षं सीआयएच्या गुप्त मोहिमांच्या विभागात होता, पुढे वकील झाला, जपानमध्ये राहिला आणि कोदोकान या टोकियोतल्या ज्युदो संस्थेत काळा पट्टा मिळवला. त्यामुळे पाठलाग कसा ओळखायचा, हॉटेलात कुठल्या खुर्चीवर बसायचं, हे सगळं हाताने केलेल्या माणसाने सांगितल्यासारखं येतं.

निप्पॉनकर

टोकियोत बारा वर्षं आहे, म्हणून राहवलं नाही.

पहिलं पुस्तक सुरू होतं शिबुयातल्या दोगेनझाकावर, सकाळच्या गर्दीत. तो चढ मी कित्येकदा चढलोय. पुस्तक वाचल्यावर तिथे चालताना मी पहिल्यांदा दुकानांच्या काचांमध्ये मागची माणसं बघितली. रेन राहतो सेनगोकूला. मिता लाइनवर तिथून कासुगा दोनच स्टेशनं, आणि कोदोकान कासुगाला. घर, तालीम आणि मधली साधी वस्ती, एवढा हिशेब लेखकाने नकाशा बघून केलेला नाही, तो तिथे राहिलाय हे कळतं. घरी जाताना रेन कधीही सरळ जात नाही. उतरतो, उलट्या गाडीत बसतो, दोन दारं असलेल्या दुकानातून बाहेर पडतो.

त्याचं जॅझ आणि सिंगल माल्ट व्हिस्कीचं वेड काहींना पाल्हाळ वाटतं. मला नाही वाटत. या शहरात एकटा राहणारा माणूस संध्याकाळी जातो कुठे, तर आठ खुर्च्यांच्या बारमध्ये, जिथे मालक काही विचारत नाही. ती पानं वाचताना मला माझी इथली पहिली दोन वर्षं आठवली.

काका रेल्वेतले आहेत म्हणून एक सांगतो. पहिला खून यामानोते लाइनच्या गाडीत होतो. साडेचौतीस किलोमीटरचं वर्तुळ, पुस्तक आलं तेव्हा २९ स्टेशनं होती, २०२० पासून ३० आहेत. त्यांना हे नक्की आवडेल.

गोधडी

थांबा. कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. नदीकाठ, तो यामानोतेतला पहिला खून पेसमेकरचा आहे. रेन गर्दीत त्या माणसाच्या मागे उभा राहतो आणि हातातल्या छोट्या यंत्राने त्याचा पेसमेकर बिघडवतो. हा स्पॉयलर नाही, पहिलंच प्रकरण आहे. तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालेल्या माणसाच्या हातात हे देऊ नये असं मला वाटतं. माझ्या सासूबाईंना पेसमेकर बसवल्यावर त्या महिनाभर मोबाइल जवळ ठेवायला घाबरत होत्या. भीती एकदा मनात बसली की रात्रीची झोप जाते.

शेवटचंपान

गोधडी, तुमचे आभार. मी दोनदा वाचून हे विसरलो, आणि पेसमेकरचा उल्लेख तर मूळ प्रश्नातच होता. चूक माझी. ताई, सरळ दुसऱ्या पुस्तकापासून सुरू केलं तरी चालेल, मागचं आवश्यक तेवढं त्यात येतं.

ईसीजी

मी कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या तपासण्या होतात त्या विभागात) तंत्रज्ञ आहे, पेसमेकर तपासणं हे रोजचं काम. या विषयावर स्पष्ट लिहायला हवं.

पुस्तक २००२चं. त्यानंतर २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवून दिलं की छातीत बसवलेल्या डिफिब्रिलेटरशी (बिघडलेले ठोके विजेच्या झटक्याने सुधारणाऱ्या यंत्राशी) रेडिओने बोलून त्याची मांडणी बदलता येते. पण तो प्रयोग यंत्रापासून काही सेंटिमीटरवरून केला होता आणि कुठल्याही रुग्णावर केलेला नव्हता. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी २०१३ मध्ये सांगितलं की २००७ सालीच त्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या यंत्राची बिनतारी सोय बंद करून घेतली होती. २०१७ मध्ये सुरक्षेतल्या त्रुटीमुळे अमेरिकेत सुमारे ४,६५,००० पेसमेकरांचं सॉफ्टवेअर सुधारावं लागलं. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यासाठी पेसमेकर काढायची गरज नव्हती. रुग्ण दवाखान्यात यायचा, तीनेक मिनिटांत काम व्हायचं. या त्रुटीमुळे कुणा रुग्णाला इजा झाल्याची नोंद तेव्हा नव्हती.

म्हणजे लेखकाची कल्पना तो पुढचं बघणारा होता हे दाखवते, पण लोकलमध्ये मागे उभं राहून कुणी काकांना काही करू शकत नाही. माझं मत विचाराल तर लपवू नका. माझे रुग्ण घाबरतात ते अर्धवट ऐकलेल्या गोष्टींनी. यंत्र कसं चालतं हे नीट समजलं की त्यांचं भय कमी होतं. आधी काकांना सांगा आणि त्यांनाच ठरवू द्या.

काळीमांजर

थोडा वेगळा सूर. पहिली सहा पुस्तकं मलाही प्रिय आहेत, त्यातही तिसरं. मकाव, हाँगकाँग, रिओ आणि डॉक्स हा धिप्पाड, बडबड्या माजी नेमबाज. अबोल रेनच्या शेजारी तो आल्यावर मालिकेत जीव येतो. त्या पुस्तकाला रहस्यकथांसाठीचा बॅरी पुरस्कार मिळाला तो योग्यच. (पुरस्काराचं नाव लेखकावरून नाही, नुसता योगायोग.)

पण ‘द डिटॅचमेंट’ (२०११) पासून राजकारण फार वाढतं. लेखकाला अमेरिकन सरकारने केलेल्या कैद्यांच्या छळाबद्दल, पाळतीबद्दल मनापासून संताप आहे, आणि तो त्याने लपवलेला नाही. शेवटी संदर्भांची यादीसुद्धा देतो. त्याच्या संतापाशी मी सहमत आहे. तरीही पात्रं बोलायच्या ऐवजी लेखक बोलायला लागला की मला रेन दिसेनासा होतो. बरेच वाचक तिथे मालिका सोडतात. प्रणयप्रसंगही लांबलचक आहेत, वडिलांना देताना तेही माहीत असू द्या.

आणि लिव्हिया लोनची पुस्तकं रेनच्या जगाला पुढे ‘द किलर कलेक्टिव्ह’मध्ये (२०१९) जोडली जातात म्हणून कुणी सुचवतील. ती पोलीस अधिकारी आहे, लहानपणी थायलंडमधून विकली गेलेली. लेखन ताकदीचं आहे, पण मुलांवरचे अत्याचार वाचवत नाहीत. मी पहिलं पुस्तक मधेच मिटलं आणि आठवड्याने पुन्हा उघडलं. आजारातून उठलेल्या माणसाला नको.

शेवटचंपान

राजकारण वाढतं हे मान्य, पण ‘द डिटॅचमेंट’ची जन्मकथा मला फार मोलाची वाटते. २०११च्या मार्चमध्ये एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने आयस्लरला दोन पुस्तकांसाठी पाच लाख डॉलर देऊ केले. त्याने नाही म्हटलं आणि स्वतः प्रकाशित करायचं ठरवलं. हिशेब साधा होता : ई-पुस्तकावर प्रकाशकाकडून छापील किमतीच्या साधारण साडेसतरा टक्के मिळणार, स्वतः काढलं तर सत्तर. त्याच सुमारास अमांडा हॉकिंग ही ई-पुस्तकं स्वतः काढून गाजलेली लेखिका नेमकी उलट्या वाटेने, वीस लाख डॉलरांच्या कराराने, त्याच प्रकाशकाकडे गेली. पुढे काही महिन्यांत आयस्लरनेही अ‍ॅमेझॉनच्या थॉमस अँड मर्सर या प्रकाशनाशी करार केला, तेव्हा अनेकांनी त्याला बोल लावला. मला तो बोल अन्यायाचा वाटतो. त्याला हवा होता तो पुस्तकावरचा ताबा. त्याच्या एका थ्रिलरच्या फ्रेंच आवृत्तीच्या मुखपृष्ठावर गॅरेजचं शेवाळी दार छापलं होतं. वर्षभर खपून लिहिलेल्या पुस्तकाचं असं झालं तर कुठल्याही लेखकाचा जीव तुटेल.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे माझा त्याच्यावर लोभ आहे. पुस्तकात राहिलेल्या चुका वाचकांनी कळवल्या की तो त्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर मांडतो.

२००९चा जपानी सिनेमा मात्र बघू नका. गॅरी ओल्डमन असूनही रेनच्या डोक्यात काय चाललंय ते पडद्यावर येतच नाही, आणि पुस्तक तर सगळं तिथेच घडतं.

तिकीटसंग्रह

रेन जड वाटला तर लॉरेन्स ब्लॉकचा केलर. न्यूयॉर्कचा मारेकरी, पण फावल्या वेळात टपाल तिकिटं जमवतो. पहिलं ‘हिट मॅन’ (१९९८) म्हणजे सुट्या कथांची माळ आहे, त्यामुळे एका बैठकीत एक वाचून ठेवता येते. त्यातल्या दोन कथांना रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कार मिळालाय. एकूण पाच पुस्तकं, इंग्रजी सोपं, रक्तपात जवळजवळ नाही. माझ्या वडिलांचे अल्बम माझ्याकडे आहेत. केलर चिमट्याने तिकीट उचलतो त्या ओळी वाचल्या की मला वडिलांचे हात दिसतात.

नदीकाठ

सगळ्यांचे खूप आभार. उशिरा लिहितेय, कारण मधल्या काळात बरंच झालं.

ईसीजींनी लिहिलेलं बाबांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. गोधडी, तुमचा प्रतिसादही वाचला. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “पहिल्यापासूनच दे.” पहिलं प्रकरण त्यांनी दोनदा वाचलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. नंतर त्यांनी पेसमेकरचं नाव काढलं नाही, यामानोतेचा नकाशा मागितला.

पुस्तक नऊ दिवसांत संपलं. त्यांना सगळ्यात आवडलं ते घरी जायच्या आधीचं फिरणं. म्हणाले, “आमचंच काम करतो हा. लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही.” मग कितीतरी वर्षांनी भुसावळच्या रात्रपाळ्यांबद्दल बोलले, जेवणं थंड होईपर्यंत. आई असताना या गोष्टी व्हायच्या.

काळीमांजर, प्रणयप्रसंगांची पानं ते भराभर उलटतात असं दिसतंय. आता ‘अ लोनली रेझरेक्शन’ सुरू आहे. मधे बदल म्हणून केलर द्यायचा विचार आहे. डॉक्टरांनी हात मोकळा केलाय, त्यामुळे त्यांना आता कागदी पुस्तक हवंय. नाशिकमध्ये कुणाकडे ‘हिट मॅन’ आहे का?

तिकीटसंग्रह

माझ्याकडे आहे, मी नाशिकरोडला राहतो. पानं पिवळी पडलीत पण अक्षर मोठं आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, रविवारी सकाळी काकांना स्वतः आणून देईन. त्यांना चालणार असेल तर एक अल्बमही आणतो. रेल्वेच्या तिकिटांचं एक अख्खं पान आहे त्यात.